फुलाची जागा

वऱ्हाडातल्या नांदुऱ्याच्या शिवारात कापूस पिकतो. शेजारच्या खामगावच्या बाजारपेठेला तर कापसानेच मोठं केलं. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा नेला, तो या कापसापायी. तरीही बाळाच्या टोपड्यावरचं तयार फूल उलटून पाहा. बहुधा ते साटीनच्या रिबिनीचं, म्हणजे पॉलिएस्टरचं निघतं आणि मागे गोंद थापलेला असतो. पॉलिएस्टरचं पेटंट इंग्लंडमध्ये घेतलं गेलं ते १९४१ साली. बाळाच्या कपड्यांची आपली रीत त्याच्या कितीतरी आधीची. नटवायचं कुठे आणि साधं ठेवायचं कुठे, हे तिने केव्हाच ठरवून टाकलेलं होतं.

बाळंतविडा उघडला की ही विभागणी लगेच दिसते. झबलं आणि लंगोट अंगाला लागणार, म्हणून ते जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचे. झबल्याला बटणाऐवजी बंद. दुपट्याला फार तर रंगीत काठ. सगळी हौस कुंचीवर: खणाचं कापड, जरीचा काठ, गोटा, झालर, एखादा गोंडा. कुंची डोकं आणि कान झाकून पाठीवर उतरते. ती घालायची बाहेर नेताना, चारचौघांत. बाळ झोपलं की काढून ठेवायची. थोडक्यात, जे कापड अंगाला घासतं आणि तोंडात जातं ते साधं. जे लोकांच्या नजरेत भरतं ते नटवलेलं.

बोरन्हाणातही हाच हिशोब दिसतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हातरी बाळाला काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने चढवतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. साखरेचे काटेरी दाणे दोऱ्यात ओवून अंगावर घालणं हे रोजच्या नियमाला सोडून आहे. पण तो थाट घटकाभराचा, आणि तेवढा वेळ घरादाराचे डोळे बाळावर खिळलेले. कार्यक्रम आटोपला की दागिने उतरतात.

आपल्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात. पाळण्यातल्या बाळासाठी लहान कवंद्याही होतात. काम कडेपासून सुरू होऊन मध्याकडे सरकतं आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं बसतात. त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. फुलं कोपऱ्यात, बाळ मधे. जपानात तान्ह्या बाळाचा किमोनो एकाच पन्ह्याचा असल्याने त्याला पाठीत शिवण येत नाही. त्या उघड्या पाठीवरून अपाय शिरू नये म्हणून मानेखाली रंगीत दोऱ्याचे टाके घालत. त्याला सेमामोरी म्हणतात. तीही शोभाच, पण कापडाला चिकटून बसणारी आणि हाताला सहजी न लागणारी.

या मोजपट्टीने कापडी फूल करायचं, तर शिंप्याकडचं कात्रण पुरतं. टू बाय टू किंवा मलमल आधी धुऊन घ्यावी, म्हणजे रंग जाणार असला तर तेव्हाच कळतो. दोन इंचांचे पाच गोल कापायचे. प्रत्येक गोल दुमडून चौथाई करायचा, गोल कडेने धावदोरा घालायचा आणि दोरा ओढायचा. पाकळी आपसूक फुगते. पाचही पाकळ्या त्याच दोऱ्यात ओवून पहिली शेवटचीला जोडली की फूल तयार. मधे मणी नको, त्याच कापडाची चुणलेली चकती बसवावी. मागे कापडाचा गोल लावून कडेने बारीक टाके घ्यावेत, म्हणजे गाठी टोचत नाहीत. पानासाठी उरेब पट्टी बरी. तिचे धागे कमी सुटतात.

मणी, टिकल्या, गोंद आणि सेफ्टी पिन या चारांना इथे मज्जाव का, ते दात येणाऱ्या लेकराला मांडीवर घेतलेलं कोणीही सांगेल. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात मावणारा तुकडा घशात अडकू शकतो असं मानतात. त्या नियमातून कपडे वगळलेले आहेत. तरी घरी सव्वा इंचाचं ते माप ध्यानात ठेवायला हरकत नाही. त्यात मावणारं काहीही सुटं होता कामा नये. गोंदाने लावलेलं फूल उकळत्या पाण्याने आणि धोपटण्याने सैल पडतं. टाक्यांचं फूल धुण्यात टिकतं. त्यातून वऱ्हाडचा उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर गेला की साटीनखाली घाम साचतो.

बचत गटांतून, घरगुती शिवणकामातून आज असे कपडे विकायला येतात. गोंदाचं फूल मिनिटात चिकटतं, टाक्यांच्या फुलाला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक दोन्हींना एकच भाव देतं. दोष शिवणारीला देण्यात अर्थ नाही. घेणाऱ्याने फूल उलटून पाहावं, चिमटीत धरून जोरात ओढावं, आणि ते जागचं हललं नाही तर त्या टाक्यांचे जास्तीचे पैसे घासाघीस न करता मोजावेत.