‘गगन’च्या पहाऱ्यावर नागपूर

१९४९ साली रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतीच्या मार्गाला लागत. देशाच्या मध्यभागी वसल्याचा तो लाभ होता. दिल्लीहून दक्षिणेकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारे हवाई मार्ग आजही याच परिसराच्या आकाशातून जातात. त्यांवरील बहुतेक विमाने येथे उतरत नाहीत. तथापि, त्यांची वाट निर्धोक राखण्याच्या कामात नागपूरचा वाटा आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्था यांनी मिळून उभारलेल्या ‘गगन’ या उपग्रह-मार्गदर्शन व्यवस्थेच्या देशातील १५ संदर्भ केंद्रांपैकी एक नागपूर येथे आहे.

जीपीएस उपग्रहांच्या संकेतांवरून विमानाला आपले स्थान कळते. परंतु त्यात काही मीटरांची चूक राहते. रस्त्याने जाणाऱ्या मोटारीला तिची फारशी बाधा होत नाही. ढगांतून धावपट्टीकडे उतरणाऱ्या वैमानिकाला मात्र उंचीतील चूक परवडणारी नसते. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे चूक झाली आहे, हेच न कळणे.

संदर्भ केंद्राचे काम नेमके येथे सुरू होते. केंद्राचा अँटेना जागचा हलत नाही आणि त्याचे स्थान आधीच अत्यंत काटेकोरपणे मोजलेले असते. त्यामुळे उपग्रहाचे अंतर किती यावयास हवे, हे ठाऊक असते. प्रत्यक्ष आलेले अंतर त्याहून निराळे असेल, तर तो फरक हीच चूक. प्रमाणित वजन टाकून दुकानदाराचा तराजू तपासावा, तसाच हा प्रकार होय. सर्व केंद्रांची निरीक्षणे बंगळूरच्या नियंत्रण केंद्राकडे जातात. तेथे तयार झालेल्या दुरुस्त्या भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानापर्यंत पोहोचतात. २०११ साली सोडलेल्या ‘जीसॅट-८’ पासून अशा उपग्रहांवर यासाठी उपकरणे बसविण्यात आली. धावपट्टीकडे उतरताना आडव्या दिशेने ४० आणि उभ्या दिशेने ५० मीटरांची मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव दिसल्यास वैमानिकाला १० सेकंदांच्या आत इशारा मिळाला पाहिजे, असा दंडक आहे.

सर्वांत कठीण प्रश्न होता आयनांबराचा. वातावरणाच्या या विद्युत्‌भारित थरातून येताना संकेतांना विलंब होतो. अमेरिकेसारख्या मध्य अक्षांशावरील प्रदेशात हा थर बराचसा शांत असतो आणि ३५० किलोमीटर उंचीवरील एकच पातळ कवच मानून हिशेब जुळतो. भारतात तसे चालत नाही. विषुववृत्तावरून वर उचललेले इलेक्ट्रॉन अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्याच्या आसपास दाट होतात. सूर्यास्तानंतर तर थोड्या अंतरावरही विलंब झपाट्याने बदलतो. म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी एकाऐवजी अनेक थर मानणारी स्वतंत्र गणितपद्धती तयार केली. परक्या देशाची यंत्रणा जशीच्या तशी आणून बसविता आली नसती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

चाचण्यांनंतर ३० डिसेंबर २०१३ रोजी मार्गावरील उड्डाणासाठी, तर २१ एप्रिल २०१५ रोजी उभ्या मार्गदर्शनासह धावपट्टीकडे उतरण्यासाठी ‘गगन’ला प्रमाणपत्र मिळाले. विषुववृत्तीय प्रदेशासाठी प्रमाणित झालेली ही जगातील पहिलीच व्यवस्था होय. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीजवळ बसविलेली रेडिओ-यंत्रणा विमानाला उतरण्याची वाट दाखविते. ती उभारणे आणि वेळोवेळी खास विमान उडवून तपासणे खर्चाचे असते. अशी यंत्रणा नसलेल्या लहान धावपट्ट्यांना ‘गगन’चा खरा उपयोग आहे.

तो उपयोग प्रत्यक्षात येण्यास मात्र विलंब झाला. विमानात योग्य ग्राहकयंत्र नसेल, तर आकाशातील संकेत व्यर्थ जातो. राजस्थानातील किशनगढ येथे ‘गगन’च्या साहाय्याने इंडिगोचे एटीआर विमान उतरले, ते एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे प्रमाणपत्रानंतर सात वर्षांनी. १ जुलै २०२१ नंतर भारतात नोंदणी होणाऱ्या विमानांसाठी ‘गगन’ला अनुरूप उपकरणांची अट घालण्यात आली, जुन्या विमानांवर ती नंतर बसविणे खर्चिक ठरते.