भावामागे निघालेली साया

ईद झाली की आपल्या खापरखेड्याच्या गल्ल्यांत नव्या सायकली दिसू लागतात. ईदीच्या पैशांतून घेतलेली छोट्या चाकांची सायकल आणि कुणाच्या तरी बांधकामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग, एवढे असले की पोरांना दुसरे काही लागत नाही. अम्मी दारातून ओरडत राहते, "अरे, पडशील!" आणि पोरगा ढिगावरून उडी मारून मोकळा होतो.

1970 च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मुले हेच करत होती. मोटारसायकलच्या शर्यती पाहून ती आपल्या सायकली मातीच्या उंचवट्यांवरून पळवू लागली. त्यातून बीएमएक्स शर्यत तयार झाली आणि 2008 मध्ये ती ऑलिम्पिकमध्ये आली.

या शर्यतीची सायकल 20 इंची चाकांची असते. गिअर नाही, ब्रेक फक्त मागे. 8 मीटर उंच उतारावरून 8 स्पर्धक एकदम सुटतात. उंचवटे आणि वळणांचा सुमारे 400 मीटरचा ट्रॅक 40 सेकंदांच्या आत संपतो. एकाचा तोल गेला की मागचेही पडतात. म्हणून संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घातल्याशिवाय कोणीही ट्रॅकवर उतरत नाही.

या खेळात नाव कमावलेल्या साया साकाकिबारा हिची कहाणी आपल्या घरांत सांगावी अशी आहे. आई जपानी, वडील ब्रिटिश आणि जन्म 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातला. तिच्या नावाचा उर्दूतल्या 'साया'शी संबंध नाही, पण लहानपणी ती भावाची सावलीच होती. मोठा भाऊ काई बीएमएक्स चालवायचा, म्हणून चौथ्या वर्षी तीही सायकलवर बसली. दोघेही मोठे होऊन ऑस्ट्रेलियाकडून खेळू लागले. टोकियो ऑलिम्पिकला दोघांनी मिळून जायचे, हे त्यांचे स्वप्न होते.

फेब्रुवारी 2020 मध्ये बाथर्स्ट येथील विश्वचषक शर्यतीत काई पडला. हेल्मेट असूनही मेंदूला जबर मार लागला. अनेक आठवडे तो कोमात होता. शुद्धीवर आल्यावर त्याला चालणे-बोलणे नव्याने शिकावे लागले. त्याची शर्यत कायमची संपली.

एक मूल असे अंथरुणाला खिळलेले असताना दुसऱ्याला त्याच ट्रॅकवर जाऊ द्यायचे का? हा प्रश्न कोणत्याही आईबापाची झोप उडवील. साया खेळत राहिली. 2021 मध्ये टोकियोत ती काईचा 77 नंबर लावून उतरली. उपांत्य फेरीत दुसऱ्या स्पर्धकाशी धडक होऊन तीही पडली आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. पुढच्या वर्षी डोक्याला पुन्हा मार बसला, तेव्हा खेळ सोडून देण्याचा विचार तिच्या मनात आला.

तिने घाई केली नाही. आधी प्रकृती सावरली, मनातल्या भीतीवर काम केले आणि मगच शर्यतीत परतली. 2023 मध्ये तिने विश्वचषक मालिका जिंकली. 2 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने आपली प्रत्येक शर्यत जिंकून सुवर्णपदक मिळवले. बीएमएक्स शर्यतीतील ऑस्ट्रेलियाचे ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. प्रेक्षकांत काई होता. जिंकल्यावर बहिणीने त्याला मिठी मारली.

आपल्याकडे असा ट्रॅक नाही, पण सायकल घरोघरी आहे. औष्णिक वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर मुलांना सायकल खेळू देऊ नये. त्यासाठी मोकळे मैदान बघावे. सायकल घेताना हेल्मेटचे पैसे त्याच वेळी बाजूला काढावेत. मूल डोक्यावर पडले तर त्या दिवशी पुन्हा सायकल देऊ नये. उलटी होत असेल, झोप आवरत नसेल, ते असंबद्ध बोलत असेल किंवा डोके फार दुखत असेल तर थेट दवाखाना गाठावा. "काही नाही होत, ऊठ" असे म्हणून वेळ घालवू नये.

आणि भावाच्या सायकलकडे बघत घरातली मुलगी उभी असेल, तर तिलाही एक चक्कर मारू द्यावी. सायाची सुरुवात अशीच झाली होती.