लँड रोव्हर नक्की कुठं जोडली? तिसरा आकडा बघा

बर्मिंगहॅमला राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याला १९६०च्या दशकातली लँड रोव्हर घ्यायचीय, सिरीज टू-ए, ८८ इंची, पेट्रोल. विकणारा म्हणतो, "अस्सल सॉलिहलमध्ये बनलेली," आणि त्या नावावर चांगले जास्तीचे पैसे मागतोय. खरं-खोटं कसं कळणार?

सॉलिहल म्हणजे बर्मिंगहॅमला लागूनच असलेलं गाव. लँड रोव्हरचा मूळ कारखाना तिथलाच. पण तिथून प्रत्येक गाडी तयार होऊन निघायची असं नाही. बऱ्याच गाड्या सुट्या भागांच्या रूपात पेट्यांमधून परदेशी जायच्या आणि तिकडे जोडल्या जायच्या. याला सीकेडी म्हणतात. अनेक देशांत तयार गाडीवर आयात कर जबर असायचा, सुट्या भागांवर कमी. म्हणून हा उद्योग.

आता गंमत बघा. ही माहिती चॅसी नंबरातच आहे! कोड लिहिणाऱ्या माणसाला आवडेल असंच काम आहे हे. या मॉडेलचा नंबर २४ ने सुरू होतो आणि खरी गोष्ट सांगतो तिसरा आकडा. २४१ म्हणजे ब्रिटनमध्येच विकायची गाडी. २४२ म्हणजे तयार होऊन निर्यात, स्टिअरिंग उजवीकडे. २४३ म्हणजे उजव्या स्टिअरिंगचं सीकेडी. २४४ तयार निर्यात, पण स्टिअरिंग डावीकडे. आणि २४५ म्हणजे डावीकडचं सीकेडी. १९७१ला सिरीज थ्री आली, तेव्हा ८८ इंची पेट्रोलसाठी ९०१ ते ९०५ असे आकडे आले, क्रम हाच. मात्र हे सगळीकडे लावू नका. टू-ए मधल्या १०९ इंची डिझेलला २७६ ते २८० आहेत, तिथं २७८ आणि २८० सीकेडी.

नंबराच्या शेवटी ए, बी, सी असं अक्षर असतं. ते वर्षाचं आहे असं बरेच जण छातीठोक सांगतात. तसं नाहीये, ते सुट्या भागांत झालेले बदल दाखवतं.

नुसत्या पाटीवर जाऊ नका, पाटी चार स्क्रूंवर बदलता येते. पुढच्या उजव्या पाट्याच्या टोकाशी, चॅसीवरच नंबर ठोकलेला असतो. गंज खरवडून तो वाचा आणि नोंदणीच्या कागदांशी जुळवा. चॅसी गंजली म्हणून नवी टाकलेली असेल तर तिथं नंबर कदाचित सापडणार नाही. मग नव्या चॅसीचं बिल मागा.

२४३ निघाला म्हणून गाडी टाकाऊ होत नाही हं. कोरड्या हवेत राहिलेली गाडी इंग्लंडच्या पावसात भिजलेल्या गाडीपेक्षा कमी गंजलेली असू शकते. मी तर तीच घेईन. फक्त "सॉलिहलमध्ये जोडलेली" म्हणून जास्त पैसे देणार नाही.

पेट्या कुठल्या देशात गेल्या हे मात्र नंबर सांगत नाही. त्यासाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून ते देतात. फी लागते.