हातोहात फिरलेला आवाज

२९ नोव्हेंबर १९८२ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ‘ओल्ड वॉल्डॉर्फ’ नावाच्या क्लबात चार पोरं वाजवत होती. बँडचं नाव मेटॅलिका. तोवर त्यांचा एकही अल्बम आलेला नव्हता. ऐकायला आलेल्या एका चाहत्याने टेप चालू ठेवला आणि त्या कॅसेटच्या प्रती पुढे कुठल्या कुठे गेल्या. आवाज फाटलेला आहे, शब्द निम्मेच कळतात, मधूनच लोकांचा कल्ला सगळ्यांवर चढतो. तरीही क्लबात वाजवणारी, गिटारवर डेव्ह मस्टेन आणि बेसवर रॉन मॅकगव्हनी असलेली मेटॅलिका ऐकायची तर अशाच टेपांकडे जावं लागतं. काही महिन्यांतच दोघेही बँडबाहेर पडले. जुलै १९८३ मध्ये ‘किल एम ऑल’ हा पहिला अल्बम आला तो त्यांच्याशिवाय. मस्टेनने पुढे मेगाडेथ हा बँड उभा केला.

अशा हेवी मेटलला तेव्हा रेडिओवर फारशी जागा नव्हती. मग ऐकणाऱ्यांनीच आपली वाट काढली. छोट्या छोट्या मासिकांतून एकमेकांचे पत्ते मिळवायचे, कॅसेट लिफाफ्यात घालून टपालात टाकायची, बदल्यात दुसरी मागवायची. टेपला टेप, बहुतेकदा हाच व्यवहार. प्रतीवरून प्रत काढली की दर वेळी खरखर वाढायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, म्हणून ऐन गाण्याच्या मध्यावर ती उलटावी लागायची आणि तेवढा तुकडा कायमचा जायचा. या हातोहात फिरण्यातूनच मेटॅलिकाची टेप न्यू जर्सीतल्या जॉन झाझुला या रेकॉर्ड दुकानदारापर्यंत पोहोचली. त्याने बँडला बोलावून घेतलं आणि पहिला अल्बम स्वतः काढला.

मॅकगव्हनीच्या जागी आलेला बेसवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. पुढच्या वर्षी बँडने त्याच्या आठवणीत ‘क्लिफ एम ऑल’ ही व्हिडिओफीत काढली. त्यातलं बरंचसं चित्रण चाहत्यांनी गर्दीत उभं राहून, हलत्या कॅमेऱ्याने केलेलं होतं. गर्दीतल्या लोकांनी जपलं म्हणून तो माणूस वाजवताना आज दिसतो. श्रोत्याच्या रेकॉर्डिंगची बाजू मांडायला मला याहून मोठा पुरावा सापडत नाही.

आपल्याकडेही ही गोष्ट घडली आहे. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ भरू लागलं. खुल्या आभाळाखाली हजारो पोरं जमायची. शेजारी रुग्णालयं होती. शांतता क्षेत्राच्या नियमाने रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत ध्वनिवर्धकाला बंदी आली आणि २००३ च्या सुमारास रंगभवनाचा आवाज थांबला. मग मेटल जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ आणि अंधेरीच्या ‘बी सिक्स्टी नाइन’ अशा लहान जागांत शिरलं. डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब हे बँड तिथे घडले. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन मुंबईत वाजवून गेले. त्या रात्रीचं ‘एसेस हाय’ त्यांच्या ‘फ्लाइट ६६६’ या अल्बममध्ये आहे, कारण त्यांच्यासोबत रेकॉर्डिंगची फौज होती. शंभर माणसांच्या खोलीत वाजवणाऱ्या आपल्या पोरांसोबत अशी फौज कुठून असणार? त्यांच्या कित्येक रात्री उरल्या आहेत त्या कुणाच्या तरी हँडीकॅमवर किंवा मोबाइलवर.

असं रेकॉर्डिंग का फाटतं, तेही समजून घेऊ. मेटलच्या क्लबात आवाज ११० डेसिबलच्या आसपास असतो आणि ड्रमचा ठोका त्याहून वर उसळतो. मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनलेला असतो, साधारण १२० डेसिबलजवळ तो हात टेकतो. त्यापुढे आवाजाची लाट माथ्यावर सपाट कापली जाते, तीच आपल्याला फाटकी ऐकू येते. शिवाय फोन आपण होऊन आवाज कमी-जास्त करत राहतो. मोठा ठोका आला की सगळं दाबतो, शांतता आली की उचलतो, त्यामुळे गाणं दमा लागल्यासारखं वाटतं. उपाय महागडे नाहीत. आवाजाची पातळी हाताने ठरवता येईल असं रेकॉर्डिंगचं ॲप घ्यावं आणि पातळी सवयीपेक्षा बरीच खाली ठेवावी. स्पीकरसमोर किंवा भिंतीला टेकून उभं राहू नये, कारण भिंतीशी बेस साचतो. साउंडवाल्याच्या टेबलाजवळची जागा सर्वांत चांगली, तो तिथलंच ऐकून सगळ्यांचा आवाज जुळवत असतो.

आता आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाकडे येतो. प्राणहिता आणि गोदावरीच्या काठावरचं हे गाव. नदीपलीकडे तेलंगण, सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते तिच्या पल्याड छत्तीसगड. इथे एकाच बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया कानावर पडते. मेटलचा क्लब या जंगलात नाही. पण हातोहात टेप पोहोचवण्याची ती रीत शेजारच्या बस्तरने वेगळ्या रूपात उभी केली आहे. शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. गावातल्या माणसाने फोन लावायचा आणि आपली तक्रार, बातमी किंवा गाणं आपल्याच भाषेत बोलून ठेवायचं. जिथे नेटवर्क नाही तिथे हेच आवाज ब्लूटूथने एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाऊ लागले. त्याला लोक ‘बुल्टू रेडिओ’ म्हणतात. रेडिओने ज्यांना जागा दिली नाही त्यांनी स्वतः आवाज टिपला आणि स्वतःच पोहोचवला. सॅन फ्रान्सिस्कोतही हेच झालं होतं.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, यांच्या निमित्ताने नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे कंपन्यांचं ठाणं. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. गाणी, लावणी, वाद्यं सगळं समोर, जिवंत. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे साऱ्या देशाचं लक्ष गेलं. यातलं किती टिपलं गेलंय? आज कुणी मोबाइल वर धरतो, दोन मिनिटांची लावणी घेतो, व्हॉट्सॲपवर टाकतो. तिथे ती आक्रसते आणि चार लोकांनी पुढे पाठवेपर्यंत नाव, गाव, तारीख सगळं गळून पडतं. जुन्या कॅसेटवाल्यांनी निदान कार्डावर पेनाने तारीख आणि शहर लिहिलं होतं. अशा एका ओळीमुळे टेप कधीची आणि कुठली ते आजही सांगता येतं.

कायद्याचा प्रश्न रास्त आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचे हक्क आले. संमतीवाचून त्याच्या सादरीकरणाचं रेकॉर्डिंग करणं हा त्या हक्कांचा भंग ठरतो. मात्र कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला सूट आहे. ते विकणं किंवा सर्वांसाठी चढवणं त्या सुटीत बसत नाही. माझं मत याहून कडक आहे: सूट असली तरी विचारावं. झाडीपट्टीच्या कंपनीचं पोट हंगामावर चालतं. अख्खं नाटक फुकट फिरलं तर पुढच्या गावाची बोली जाते. गोंड-माडियांचा रेला नाच नाचणाऱ्या मुलींचं गाणं त्यांना न विचारता घेणं तर साफ चूक आहे.

म्हणून येत्या हंगामात जाल तेव्हा एवढं करा. कंपनीच्या मालकाला किंवा गावच्या पाटलाला आधी विचारा. दोन मिनिटांऐवजी एक अंक पूर्ण घ्या. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला मिनिटाला साधारण साडेदहा एमबी लागतात, म्हणजे सहा तासांच्या नाटकाला पावणेचार जीबीच्या आसपास. आजच्या मेमरी कार्डात ते सहज मावतं. सुरुवातीलाच स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, नाटकाचं आणि कंपनीचं नाव बोलून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाईल. आणि एक प्रत त्या कलावंतांच्या हातात द्या, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांकडे स्वतःचा आवाज साठवलेला नसतो.