उपवासाचा बाजार आणि अम्मीचा डबा

काही वर्षांपूर्वीच्या रमजानमधील गोष्ट. अम्मीला मधुमेह, त्यात इन्सुलिन सुरू. डॉक्टरांनी रोजे धरू नका, असे बजावले होते. पण तिच्या मोबाइलवर एक संदेश आला : ‘उपाशी राहिल्याने शरीरातले सारे विष निघून जाते. या शोधाला नोबेल मिळाले आहे.’ अम्मीने रोजे सुरू केले. दहाव्या रोजाला, असरच्या नमाजनंतर ती घामाने डबडबली, बोलणे अडखळू लागले. साखर मोजली तर ५२. घाईघाईने साखरेचे पाणी पाजले. शुद्धीवर येताच ती रडू लागली, ‘माझा रोजा तुटला.’

नोबेलची गोष्ट अर्धीच खरी आहे. २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल जपानच्या योशिनोरी ओहसुमी यांना मिळाले. पेशी उपाशी राहिली की स्वतःचेच निकामी भाग मोडून पुन्हा कशी वापरते, हे त्यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये शोधून काढले. त्यांनी ना रोजा तपासला होता, ना एकादशी. शरीरातील नको ते बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडे बाराही महिने राबतच असतात.

पण अर्धे सत्य चांगले खपते. ‘ग्लोबल वेलनेस इन्स्टिट्यूट’च्या हिशेबानुसार २०२३ मध्ये जगातील वेलनेसची उलाढाल ६.३ लाख कोटी डॉलरवर गेली. त्यात उपवासाचेही दुकान आहे. आठवड्यातून दोन दिवस कमी खाण्याचे पुस्तक २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये आले आणि जगभर गाजले. आता सोळा तास उपाशी राहा म्हणून आठवण करून देणारी अ‍ॅप्स आहेत, डिटॉक्सचे रस आहेत. पोट हलके ठेवणे वाईट नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या इफ्तारच्या भज्या-समोशांनाही लागू पडते!

धोका आहे तो सर्वांना एकच माप लावण्यात. २००१ मध्ये तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे धरले होते. साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे त्यांच्यातील प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट झाले होते.

खरे तर रोजा असा हट्ट सांगतच नाही. आजारी आणि प्रवासी यांना कुरआनच्या सूरह बकरामध्ये सवलत दिली आहे. बरे झाल्यावर रोजे भरून काढावेत. ते शक्यच नसेल, तर प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरजूला दोन वेळचे जेवण द्यावे. यालाच फिदया म्हणतात. मौलानासाहेबांनी अम्मीला हेच समजावले, ‘खाला, अल्लाहने दिलेली सवलत नाकारू नका.’

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याची व्याख्या केली, तेव्हा शारीरिक आणि मानसिक यांच्या जोडीला ‘सामाजिक’ हा शब्दही घातला. अ‍ॅप आपले तास मोजते, वजन मोजते. शेजारी कोण उपाशी आहे, हे ते विचारत नाही. रोजा मात्र तिथेच नेऊन सोडतो. ज्याला उपाशी राहणे झेपत नाही, त्यालाही तो दुसऱ्याच्या ताटाकडे बघायला सांगतो.

आपल्या घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर रोजा असो, एकादशी असो की पर्युषणातील उपवास, आधी डॉक्टरांना विचारा. औषधांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमाही सांगतात. साखर ७० च्या खाली गेली, तर मगरिबच्या अजानची वाट न पाहता लगेच काहीतरी गोड घ्यावे.

अम्मी आता रोजे धरत नाही. सहरला मात्र सर्वांच्या आधी उठते. गल्लीच्या टोकाला एक आजारी आजोबा एकटे राहतात. त्यांना तिखट चालत नाही, म्हणून त्यांची भाजी ती वेगळी करते. दुपारी एक डबा जातो, रात्री दुसरा. डबा रिकामा परत आला की ती झाकण उघडून बघते आणि मगच स्वतः जेवायला बसते.