कॅसेटच्या पोटातला सेल

नव्वदच्या दशकात धामणगाव रेल्वेपासून अकोल्यापर्यंत ज्यांच्या घरी ‘व्हिडिओ गेम’ आला, त्यांच्याकडे तो बहुधा जपानी निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची नक्कल म्हणूनच आला. मारिओ, कॉन्ट्रा, एकाच कॅसेटमध्ये कोंबलेले ढीगभर खेळ. लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्याचं फारसं कुणाला वाटत नसे, कारण डाव असायचाच अर्ध्या-पाऊण तासाचा.

याच यंत्रासाठी जपानमध्ये असा एक खेळ निघाला होता, जो संपवायला कित्येक संध्याकाळी लागत. २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीने बाजारात आणलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’. युजी होरी यांनी तो रचला, ‘ड्रॅगन बॉल’वाले अकिरा तोरियामा यांनी चित्रं काढली आणि जाहिरातींना चाली देणारे कोइची सुगियामा यांनी संगीत दिलं. होरींनी कागदावर एक चिकट, बेढब गोळा काढून दिला होता. तोरियामांनी त्याचा हसऱ्या तोंडाचा निळा थेंब केला. तो ‘स्लाइम’ आज साऱ्या जपानला ओळखीचा आहे. सुगियामांच्या चालीचा मान तर असा, की २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंचं संचलन तिच्यावरच सुरू झालं.

पण एवढा लांबलचक डाव जपायचा कसा? पहिल्या भागात खेळ थांबवताना पडद्यावर २० अक्षरांचा मंत्र यायचा. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की मेहनत वाया. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला! फेब्रुवारी १९८८च्या तिसऱ्या भागात मात्र कॅसेटमध्येच बटणाएवढा सेल बसवला होता. यंत्र बंद असतानाही तो छोट्या मेमरी चिपला वीज पुरवत राही. आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटमध्ये असा सेल नसे. त्यात या खेळात पानोपानी जपानी मजकूर. मारिओला भाषा लागत नव्हती, याला लागत होती. म्हणून इथली एक अख्खी पिढी या खेळाला मुकली, हे खरंच नुकसान झालं.

संग्राहकांना या कॅसेटची ओढ का, तेही या सेलमध्येच आहे. तिसऱ्या भागाच्या जपानमध्ये ३८ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. म्हणजे ही वस्तू दुर्मिळ मुळीच नाही. खोका आणि पुस्तिका धड असलेला संच मिळवायला शोध घ्यावा लागतो, एवढंच. परंतु जुनी कॅसेट लावल्यावर कधी कधी कुण्या पोराने १९८८ साली अर्धवट सोडलेला डाव, त्याच्या नायकाच्या नावासकट, अजून तिथे असतो. जपानी मुलं कॅसेटवर मार्करने स्वतःचं नावही लिहीत. जुन्जी सेकी या गेमनिर्मात्याने अशा नाव लिहिलेल्या कॅसेट जमवून त्या मूळ मालकांना परत करण्याचा उपक्रमच चालवला आहे. नीटनेटक्या, सीलबंद खोक्यापेक्षा ही नावाची कॅसेट कधीही मोलाची.

आपल्याकडच्या त्या जुन्या यंत्रांना ६० पिनांची मूळ जपानी कॅसेटच बसते, त्यामुळे माळ्यावरचं यंत्र चालू असेल तर हा खेळ अजूनही खेळता येईल. फक्त एक करा. डाख देऊन बसवलेला तो सेल काढला की आतला डाव पुसला जातो. म्हणून कॅसेट हाती आली की आधी लावून बघा, पडद्यावरच्या नावांचा फोटो काढून ठेवा आणि मगच नवा सेल बसवायला द्या.