बेडसे : यमाई नांदते त्या विहारात

कामशेत स्टेशनवर लोकलमधून उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी बहुतेकांना पॅराग्लायडिंग करायचं असतं, नाहीतर पवना धरणाकाठी तंबू ठोकायचा असतो. त्याच पवनानगरच्या वाटेवर, भातखाचरांच्या पलीकडे, करुंज-बेडसे गावांच्या डोक्यावर बेडश्याची बौद्ध लेणी आहेत. कार्ल्या-भाज्याइतकी गर्दी इथे होत नाही, हे आपलं नशीब.

पायऱ्या चढून वर आलं, तरी लेणं एकदम दिसत नाही. पुढचा कातळ कारागिरांनी तसाच ठेवला आहे. त्यातल्या अरुंद बोळातून आत शिरावं, की थेट चैत्यगृहाच्या खांबांपाशीच उभे. खांब अठपैलू, सुमारे पंचवीस फूट उंच. तळाशी घट, माथ्यावर उलटी घंटा आणि तिच्यावर हत्ती, घोडे, बैल यांच्या पाठीवर बसलेली जोडपी. या स्वारांच्या अंगावर दागिने भरपूर, कपडे बेताचेच. संन्याशांच्या दारावर ही मंडळी कशाला, असा प्रश्न पडतो. भिक्षूंना तो पडलेला दिसत नाही. भरल्या घटाची आणि जोडप्याची पूजनीयता लोकांच्या मनात आधीपासूनच होती. नव्या धर्मानं ती दाराबाहेर हाकलली नाही, दारावरच मिरवली.

हे काम इ.स.पूर्व पहिल्या शतकातलं. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक यानं दिलेल्या दानाचा लेख इथे आहे. पाण्याच्या टाक्याजवळच्या लेखात महाभोजाची लेक आणि महारठीची पत्नी सामडिनिका भेटते. पैसा व्यापाऱ्यांचा आणि सरदार घराण्यांचा, कारण कोकणातून घाट चढून देशावर येणारा माल याच खोऱ्यांतून जाई. बाजूच्या एका छोट्या स्तूपावरचा लेख मात्र वेगळ्याच माणसाचा आहे. गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षेवर जगणाऱ्या थेराचा, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूचा, हा स्तूप त्याच्या शिष्यानं करवला. लेखात ठिकाणाचं नाव येतं मारकुड. मार म्हणजे बुद्धाला बोधीच्या रात्री छळणारा, मृत्यूशी नातं असलेला. लोक ज्या जागेला वचकून असत, तिथेच एखादा थेर मुद्दाम राहायला गेला असेल, तर नवल नाही.

चैत्यगृहाशेजारचा विहार मागे अर्धगोल आहे आणि त्याचं छत कमानदार आहे; विहारात हा घाट विरळाच. भोवती भिक्षूंच्या खोल्या. आणि याच विहारात शेंदूर माखलेली यमाई. गावकऱ्यांसाठी ही जागा देवीची, लेणं नंतरचं.

देवी आधी की भिक्षू आधी? दा. ध. कोसंबी यांनी हा प्रश्न पायी फिरून सोडवायचा प्रयत्न केला. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) या पुस्तकात त्यांनी मांडलं, की लेणी आणि मातृदेवतांची ठाणी पुष्कळदा जुन्या वाटांच्या चौकांवर आढळतात. तिथे माणसं अश्मयुगापासून थांबत, पूजत आणि देवघेव करत आली होती. भिक्षू त्याच जागी आले. आजची शेंदरी मूर्ती तेवढी जुनी आहे, असं यावरून ठरत नाही. पण कार्ल्याला भव्य चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी एकवीरा आणि इथे विहारात यमाई, हा योगायोग मला तरी पटत नाही.

नव्या धर्मानं जुन्या दैवतांच्या जागी येण्याची हीच गोष्ट तिबेटात राजाज्ञेनं घडली. आठव्या शतकात त्रिसोंग देत्सेन राजानं शांतरक्षित या बौद्ध पंडिताला बोलावलं, तर पूर, वीज अशा आपत्ती आल्या आणि लोकांनी दोष स्थानिक देवतांच्या कोपाला दिला. मग तांत्रिक आचार्य पद्मसंभव आले. परंपरा सांगते, की त्यांनी डोंगरावरच्या, सरोवरातल्या भुताखेतांना मारलं नाही. शपथ घालून धर्माची राखण करायला लावलं. साम्ये विहार त्यानंतरच उभा राहिला. महाराष्ट्रातही असा करार दगडात आहे. अजिंठ्याच्या लेणी क्र. 2 मध्ये हारीती बसली आहे. मुलं खाणारी ही यक्षी बुद्धाच्या उपदेशानंतर मुलांची राखणदार झाली, अशी कथा आहे. बेडसे-कार्ल्याच्या या मावळात मात्र असा करार कुठे कोरलेला नाही. भिक्षू गेले, देवी राहिली, एवढंच.

बुद्ध मावळात दुसऱ्यांदा आले, ते कामशेतच्याच लोहमार्गावरच्या देहूरोडला. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा देताना अनुयायांना त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्याच काही जुन्या देवदेवतांना नाकारणाऱ्या आहेत. यावेळी देवतांशी तह करायचा नव्हता. त्या देवांच्या नावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं गेलं, त्यांना असा तह परवडणाराही नव्हता.